ट्यूब पाण्यात धरली की

हवा दिसत नाही, असं लोक म्हणतात.
मी एकवीस वर्षं फाट्यावर पंक्चर काढतो.
मला दिसते.
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत न्यायची,
जिथं जखम असेल तिथं ती स्वतःच बोलते,
बारीक, एकापाठोपाठ, मोहरीएवढे बुडबुडे.

रेवताची फुफ्फुसं मात्र बोलली नाहीत.
राईस मिलच्या कोंड्यात बारा वर्षं, मग कोरडा खोकला,
मग बोअरिंगपासून घरापर्यंत येताना तीनदा बसणं.
फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाला,
वेलीवर वाळलेल्या दोडक्यासारखं झालंय आत.
नाही, दोडका मी म्हणालो.
तो काहीतरी इंग्रजी बोलला.

हैदराबादेत त्यांनी 'प्रत्यारोपण' हा शब्द काढला.
आम्ही गप्प. मग ऑक्सिजनच्या नळीआडून रेवता,
"मंजे रोवना. दुसऱ्याच्या बांधीतले परे आनून लावतेत."
डॉक्टरीणबाई मराठी होत्या, हसल्या.
"अन् रोवल्यावर आठ रोज पिवळे पडतेत,
मंग धरतेत. नाई त नाई धरत."
"तेच," बाई म्हणाल्या, आणि हसणं थांबलं.

लपवलं काहीच नाही त्यांनी.
शंभरातले दहा-बारा पहिलं वर्ष ओलांडत नाहीत.
पाच वर्षांनी उरतात ते निम्म्याच्या थोडे वर.
अंग परक्याला ओळखतं, आणि सोडत नाही.
ओळखू नये म्हणून गोळ्या,
त्या गोळ्यांनी साध्या सर्दीलाही दार उघडं.
चार ठिकाणी सही.
मी विचारलं, गॅरंटी?
आणि माझंच मला हसू आलं.
माझ्या दुकानात पाटी आहे: ठिगळाची गॅरंटी नाही.

पैशांचं सांगत नाही. मेव्हण्याचा ट्रॅक्टर
आता दुसऱ्याच्या वावरात चालतो, एवढं पुरे.

पहिल्यांदा बोलावलं आणि परत पाठवलं,
आलेली फुफ्फुसं बरी नव्हती.
दुसऱ्यांदा रात्री पावणेदोनला फोन.

नवव्या दिवशीही खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे होते.
छातीतून निघालेली नळी, तिचं टोक पाण्यात.
सिस्टरनं सांगायच्या आधीच मला कळलं,
कुठंतरी गळतंय.
काच असलेल्या दारातून जेवढं दिसेल तेवढं
मी ते पाणी पाहत राहिलो.
अकराव्या पहाटे ते निपचित.
पाणी असं शांत झालं की मी ट्यूब टायरात भरतो,
गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो.
इथं कोणाला काय द्यायचं, कळेना.

आता दोन वर्षं झाली.
सकाळी आठला गोळ्या, रात्री आठला गोळ्या.
जाऊबाईच्या कोंबड्या पलीकडच्या आळीत गेल्या.
धानाच्या चुरणीचे दिवस ती दारंखिडक्या लावून काढते.
मोहफुलं वेचायला जायचं नाही, पाल्यात बुरशी.
मी सदऱ्याच्या खिशात चार घेऊन येतो,
उंबऱ्याबाहेरूनच दाखवतो.
"आला वास," म्हणते ती, मास्कआडून.
खोटं बोलते.

कोणाची, ते सांगत नाहीत.
एका वॉर्डबॉयच्या तोंडून निसटलं: पोरगा, तेवीसचा,
गाडीवरून पडला.
तेव्हापासून गुळगुळीत टायरला मी ठिगळ लावत नाही.
गिऱ्हाईक चिडतं, "तुह्यं काय जाते बे?"
जाते काहीतरी.

रोज सकाळी ती छोट्या यंत्रात फुंकते, मी वहीत आकडा लिहितो.
दोन दहा. दोन आठ. दोन दहा.
एक नव्वदच्या खाली गेलं की फोन करायचा, लगेच.
आज एक शहाण्णव.
"पुन्हा," मी म्हणतो.
एक चौऱ्याण्णव.
बाहेर कोणीतरी हॉर्न देतंय, बसलेलं चाक ढकलत आलेला असेल.
"जा ना," ती म्हणते, "उभा हाय तो."
मी पेन मिटत नाही.
ती पाठ ताठ करते, ओठ नळीला लावते.